ऐच्छिक

बुधवार पेठेत, जिन्याखालच्या दुकानात
मी सिस्टिम टाकून देतो, अगदी सडसडीत.
"सोबत हेही घ्याल का?" तिनं विचारलं
की 'नको' दाबतो. सवयच झालीय.
डिस्क हलकी राहते, डोकंही.

गोखलेनगरच्या खुर्जेकर बाईंचा लॅपटॉप
तिसऱ्या दिवशी परत.
प्रिंटर मुका,
आणि भिशीच्या हिशेबात नावांच्या जागी
चौकोन. नुसते रिकामे चौकोन.
"यातली मी कुठली?"

फॉन्ट ऐच्छिक होता. चाळीस एमबी.
मी वाचवले होते.

मग 'हो' दाबलं. मागून आलं आख्खं वऱ्हाड:
सतरा पॅकेजं, त्यात एक
कुठल्याशा फिनिश शब्दकोशाचं.
पंखा घरघरत राहिला.

बाईंनी चष्मा पुसला, स्क्रीनवर बोट टेकवलं,
"हं, ही मी.
अडीचशे बाकी."