वहीतल्या नोंदी

शाल्मली, तुझ्या गाजराला काहीतरी झालंय.
चार दिवस उंदराला तोंड लावत नाही,
रंग उडालाय उन्हातल्या बादलीसारखा,
आणि डोळे निळसर, दुधात बुडवलेले.
माझा उजवा डोळा असाच,
म्हणून वाटलं, मोतीबिंदू.
सात महिन्यांच्या जिवाला!

तू पुण्याहून हसलीस फोनवर.
"काका, कात टाकणार तो. हात लावू नका.
डब्यात ओलं शेवाळ ठेवा नि वाट बघा."

वाट बघणं मला येतं.
तीस वर्षं रबाळ्याच्या कंपनीत
काचेपलीकडचे काटे बघितले.
काटा हलला नाही तरी दर तासाला नोंद.
तशीच वही केली:
मंगळवार. लपून आहे. चिडका.
बुधवार. डोळे निवळले, कातडं तसंच.
(मला वाटलं, बेत रद्द.)
शनिवार, पहाट. दगडावर नाक घासतोय.

मग ओठाशी जरासं सुटलं
आणि तो स्वतःतूनच बाहेर निघाला,
पायमोजा उलटा काढावा तसा.
घाई नाही. मदत नको.

घणसोलीच्या खाडीकडून उजेड आला
तेव्हा कात खिडकीत धरली. अख्खी.
शेपटीचं टोक आलंय.
डोळ्यांवरच्या चकत्या बोटाने चाचपून मोजल्या,
नजरेवर भरवसा नाही म्हणून.
दोन.

तुझ्या भूमितीच्या वहीत ठेवलीय ती.
गाजर लखलखीत. मला ओळखत नाही,
आधीही ओळखत नव्हता.

वाशीच्या डॉक्टरांना आत्ताच फोन केला.
सोमवार मिळालाय.
येऊ नकोस.
मंगळवारी याला उंदीर कोण देणार,
तेवढं कळव.