पान त्रेचाळीस

गेल्या वर्षीच्या शाश्वतता अहवालात
पान त्रेचाळीसवर
एर्मिंदा कोलिवोरोचे हात होते, पानभर,
जाळं विणणारे.
खाली हिरव्या अक्षरांत : आमचे शेजारी.
तिला कुणी विचारलं नव्हतं.
बोटांपलीकडची खाडी
धूसर ठेवली होती, कलेसाठी.

त्याच खाडीत मार्चमध्ये
सामन माशांचे अकरा पिंजरे गुदमरले.
नऊ दिवस चिलोएच्या त्या किनाऱ्यानं
खिडक्या उघडल्या नाहीत.
अहवालात नऊ दिवसांना एक ओळसुद्धा नव्हती.
झाकली मूठ सव्वा लाखाची :
तिकडे सांतियागोत शेअर दोन टक्के वर.

यंदा इग्नासिया आली. कंपनीचीच,
गमबूट उसने,
मसुदा प्लास्टिकच्या पिशवीत.
दारोदार विचारत हिंडली :
किती मासे? वास कुठवर?
लोकांनी माते पाजलं,
ताकास तूर लागू दिली नाही.
एर्मिंदा एवढंच म्हणाली,
आधी माझे हात काढ तिथून.

वरच्या मजल्यावर खडाजंगी झाली म्हणतात.
‘मेले’ नको, ‘जैविक घट’ लिहा.
तिनं टन लिहिले, तारीख लिहिली,
खाडीचं नाव लिहिलं, गावातलं, नकाशावरचं नव्हे.
आणि शेवटी : आम्हांला चार दिवस आधी कळलं होतं.
ही ओळ कशी सुटली, कुणास ठाऊक.
थकलेल्या कुणीतरी सही केली असेल.

सोमवारी शेअर सहा टक्के कोसळला.
बुधवारी एका पेन्शन फंडाचं पत्र आलं :
तुमचं पहिल्यांदाच काही खरं वाटलं.
विकत नाही. थांबतो.
शुक्रवारी दोन टक्के परतले.
उरलेले चार अजून वाटेत आहेत.

छापील प्रती घेऊन ती स्वतः आली.
होड्यांच्या छपराखाली नेस्तोरनं मोठ्यानं वाचलं.
चार दिवस आधी...
कुणी शिवी हासडली. कुणी उठून गेलं.
पुन्हा वाच, एर्मिंदा म्हणाली.
त्यानं पुन्हा वाचलं.
तिनं पान त्रेचाळीस उघडलं :
फक्त खाडी. स्पष्ट. पिंजरे मोजता येतील इतकी.

निघताना तिनं इग्नासियाच्या हातात
जांभळे बटाटे ठेवले, मातीसकट,
अर्धं पोतं.
उरलेलं, म्हणाली,
पुढचा मार्च गेल्यावर.