बारीक गॅस

विष्णुपुरीकडं, विद्यापीठाच्या मागल्या इमारतीत
तळमजल्याला एक खोली आहे, खिडकीला काळा कागद.
तिथं मी लेझर तपासते.
खसखशीच्या दाण्याहून बारीक कपची,
गॅलियम आर्सेनाइडची.
ती देते तो उजेड दिसत नाही.
मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर जांभळट ठिपका,
डोळे चोळल्यावर दिसतो तसा.

"काय करायलीस तिथं अंधारात दिवसभर?"
आई सेलूहून विचारते.
चालू-बंद करायलेय, मी सांगते.
"त्याला पीएचडी देतेत?"
एका सेकंदात पंचवीस अब्ज एक-शून्यं, आई.
ती गप्प.
मग: "जेवलीस का?"

पण चालू-बंद हेही खोटंच.
पुरता विझलेला लेझर लवकर जागा होत नाही.
ठरावीक धारा ओलांडेपर्यंत नुसता धूसर धूसर.
त्या धारेसाठी मराठी शब्द शोधत होते,
कोशात सापडला: उंबरठा.
एकटीच हसले.
घरी उंबऱ्यावर बसू देत नसत.
आत ये, नाहीतर बाहेर जा, लक्ष्मी अडते.
लेझरलाही तेच सांगायचं.
शून्य पाठवतानासुद्धा बाहेर जाऊ द्यायचं नाही,
उंबऱ्याच्या आतल्या अंगाला उभं ठेवायचं.
एक म्हणजे तिथून दोन पावलं पुढं.

देवणीकर सरांनी हे तीन फळे भरून समजावलं.
कळलं मात्र गेटवरच्या बाबाराव टोम्प्यांच्या गाडीवर.
गिऱ्हाईक नसलं तरी गॅस बारीक. बंद नाही.
"बंद केला की पुन्हा काडी, पुन्हा भांडं तापवा,
तवर पोरं समोरच्या टपरीवर जातेत."
मी वहीत लिहून घेतलं.
त्यांना वाटलं, उधारी लिहायलेय.

मे महिना. त्रेचाळीस.
उष्म्यानं उंबराही वर सरकतो,
कालची धारा आज पुरत नाही.
दुपारभर स्क्रीनवर डोळा मिटलेला.
डोळाच म्हणतात त्याला:
सगळे एक आणि सगळी शून्यं
एकमेकांवर रचून काढलेलं चित्र.
मधे मोकळी जागा राहिली तर पलीकडच्याला कळेल
एक कोणता, शून्य कोणतं.
आमचा चिकटलेला, डोळे आल्यासारखा.
गार करणारं यंत्र दोन वाजता बसलं.
हसीबभाईंनी खिडकीला बारदान बांधलं, भिजवलं,
तासाभरात तेही वाळून कडक.
"पुरानी मशीन है मॅडम. इसकू रातच पसंद."

म्हणून रात्र.
तीन वाजून चाळीस मिनिटं.
बाहेर धरणावरून वारा सुटलाय म्हणे; आत येत नाही.
मी धारा वाढवली, अर्धा मिलिअँपिअर. आणखी अर्धा.
कडा थरथरत होत्या,
रहाटाला हिसका दिल्यावर बादली हिंदकळते तशा,
हिंदकळणं कमी कमी होत गेलं
आणि डोळा उघडला.

हिरवट. लांबट.
झोपेतून उठलेल्या माणसाचा,
ओळख पटायच्या आधीचा.

हसीबभाई खुर्ची ओढून जवळ आले.
काय होतं त्यात? कुणाचा निरोप नाही, फोटो नाही,
यंत्रानं उगाच जुळवलेली एक-शून्यं,
दोन मीटर नारिंगी फायबरमधून
टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाला.
"क्या बोला?" त्यांनी विचारलं.
म्हटलं, कुछ नहीं बोला. साफ बोला.

मी आकडे दोनदा लिहिले, दुसऱ्यांदा पेनानं.
धारा उतरवली नाही. तशीच राहू दिली थोडा वेळ,
काही कारण नव्हतं.

साडेपाचला गेटवर आले.
बाबाराव गाडीवरची ताडपत्री काढत होते.
पहिली काडी विझली. दुसरी मोडली.
"थांब जरा," म्हणाले, "अजून पेटला नाही."
थांबले.
मोबाइलवर आईचा मिस्ड कॉल,
रात्री अकराचा.