स्थायी

चाळीसातले बारा-तेरा गुण.
इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय,
शुक्रवारी खिचडीनंतरचा एक तास,
तोही कधी लसीकरणाला जातो, कधी कवायतीला.

प्रतीक्षानगर, आठवी ब, भारताची संसद.
मी फळ्यावर दोन चौकोन काढले.
म्हटलं, लोकसभा विसर्जित होते.
इमाद म्हणाला, कुठे बाई, दादर चौपाटीला?
हसून घेतलं सगळ्यांनी, मीही.
मग म्हटलं, राज्यसभा मात्र नाही होत.
ते स्थायी सभागृह.
दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात,
घर तसंच राहतं.

निशिगंधा मयेकरने हात वर केला नाही,
नुसतीच बोलली खिडकीकडे बघत:
"आमच्यात उलटंय.
घर तात्पुरतं, माणसं कायमची."

बावन्नातली तेहतीस पोरं ट्रान्झिटचीच.
पुन्हा कुणी हसलं नाही.
काळाचौकीची चाळ उतरवली तेव्हा तिचा बाप सहावीत होता,
दोन वर्षांसाठी आले होते.
बाईंकडे उत्तर नसलं
की बाई डस्टर शोधतात.
मी बराच वेळ शोधला.
तो माझ्या हातातच होता.

पुढच्या शुक्रवारी पोर्शन सोडला.
साधा अर्ज, माहितीच्या अधिकारात,
वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.
इमारत कधी पाडली, नवी कधी बांधणार,
यादीत आमचा नंबर कितवा.
पहिल्या मसुद्यात "कृपया" सात वेळा आलं,
आम्ही सहा खोडले.
"अर्जदार भारताचा नागरिक आहे काय?"
इथे सगळे थांबले.
वय तेरा आहे, चालेल का, विशाखाने विचारलं.
मी म्हटलं, वय कुठे विचारलंय?
होय, असं लिहिलं निशिगंधाने,
पेन इतकं दाबून
की मागच्या पानावरही होय उमटलं.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, चांगला उपक्रम,
फोटो काढलात का?
आणि घटक चाचणी कधी?

फळ्याच्या कोपऱ्यात आमचा रोजचा हिशेब असतो:
पट ५२, हजर ४६.
त्याखाली कुणीतरी तिसरी ओळ सुरू केली,
दिवस १. दिवस २.
मी पुसत नव्हते, सांगतही नव्हते.
भूगोलाचे सर विचारायचे, हे काय?
मुलं म्हणायची, नागरिकशास्त्र.

घटक चाचणीत पाच ओळींचा प्रश्न घातला,
राज्यसभेला स्थायी सभागृह का म्हणतात?
निशिगंधाने पुस्तकातलं सगळं बरोबर लिहिलं,
एक तृतीयांश वगैरे,
आणि शेवटी, समासाला चिकटून:
निवृत्त सभासद मग कुठे राहायला जातात
ते धड्यात दिलेलं नाही.
उत्तरसूचीत यालाही गुण नव्हते.
मी दिले. किती, ते सांगणार नाही.

तिसावा दिवस रविवारी आला.
सोमवारी वर्गात शिरले तर फळा भरलेला,
पट ५२, हजर ५१,
दिवस ३१,
आणि खाली ठळक, दोनदा गिरवून:
प्रथम अपिल.

हा शब्द आमच्या पुस्तकात नाही.
मी खडू घेतला,
पि दीर्घ केला,
आणि हजेरी घ्यायला लागले.