बत्तीस बाइटांचं शेपूट

ओसाका. चौथ्या मजल्यावर आम्ही सात जण, एक पंखा.
खाली बटणांचा घाऊक व्यापारी,
शर्टाची बटणं. आमची वेगळी.
मुराओका म्हणाला, ओनोदेरा-सान,
पाण्याच्या टप्प्यासाठी एक वैरी हवाय.
सोळा ठिपके रुंद, सोळा ठिपके उंच.
रंग तीन. चौथा म्हणजे काहीच नाही,
त्यातून समुद्र दिसेल.

मी आलेखाच्या वहीत चौकोन भरत बसले.
पाठ शाईची. पोट राखेचं.
तिसरा रंग दातांना द्यावा की डोळ्याला?
दोन्हींना दिला,
तेव्हापासून तो दातांनीच बघतो.

परावर एक खाच ठेवली,
केसेन्नुमाच्या धक्क्यावर, बर्फाच्या ढिगात,
मी सात वर्षांची असताना पाहिलेली.
डाव्या परावर होती, पक्कं आठवतं.
पण शार्क खडकाला टेकून वळला की
मशीन त्याला आरशासारखं उलटं करतं
(दुसऱ्या चित्राला जागा कुठे आहे?)
आणि खाच त्याच्यासोबत उजवीकडे जाते.
जी बाजू बदलते तिला जखम म्हणायचं का,
मी विचारलं.
मुराओका म्हणाला, जेवायला चल.

त्याचा सगळा स्वभाव अकरा ओळींत मावला.
नाक आपटलं की माघारी.
पाणबुड्या सहा चौकोनांत आला की दुप्पट वेग.
पडद्याबाहेर गेला की पुसला.
तुम्ही मागे फिरलात तर तो पुन्हा जन्मलेला,
तेवढाच उपाशी,
तुमची ओळखदेख नसलेला.

नोव्हेंबरात बाबा आले, डोळे दाखवायला.
एकतीस वर्षं लांब दोरीच्या बोटीवर,
तळवे इतके गुळगुळीत
की बटणावरून अंगठा घसरायचा.
पाण्यात राहून माशाशी वैर,
एवढाच तर आमचा खेळ.
बाबांनी वैर केलं नाही.
पाणबुड्याला खडकाच्या कपारीत उभा केला
आणि बघत राहिले.
हवेची पट्टी संपली. पाणबुड्या मेला.
दुसरा मेला. तिसराही.
मग म्हणाले, सुमिए, हा मासा नाही.

शेपूट वरखाली हलवतो तो देवमासा.
याचं आडवं हलतं.
तुझ्याकडे, मग तुझ्यापासून लांब.
टेबलावर तळहात कडेवर उभा करून
त्यांनी पोहून दाखवलं,
माझा चहा सांडेपर्यंत.
मी म्हटलं, बाबा, इथे ‘माझ्याकडे’ नाहीच.
इथे डावं आहे, उजवं आहे, वर, खाली. संपलं.
ते जरा वेळ गप्प.
मग आखूड कर, म्हणाले.
तुझ्याकडे येतं तेव्हा ते आखूडच दिसतं.

आखूड शेपटाला बत्तीस बाइट लागणार होते.
अख्खी बत्तिशी मागतेस, मुराओका कुरकुरला,
पण रात्री त्यानं शेवटच्या पडद्यावरच्या
राणीच्या हातातला कंदील काढून टाकला.
तिचा हात अजून तसाच पुढे आहे, रिकामा.
मुलांना वाटतं, नाचायला बोलावतेय.

शेपटाचं कुणाच्या लक्षात आलं नाही.
एका मुलानं पत्र पाठवलं होतं, ओबिहिरोहून,
की पाण्याच्या टप्प्यात तो स्वतःच श्वास धरतो
आणि आई ओरडते.

बाबांनी कॅसेट विकत घेतली, पूर्ण किमतीला.
घरात मशीन नाही.
बोटीवरच्या देव्हाऱ्यात ठेवलीय,
मिठाच्या वाटीशेजारी.
खलाशी विचारतात, काय आहे आत?
आमचा एक आहे, ते सांगतात. पोहतोय.

बंद असताना तो पोहत नाही,
हे मी त्यांना सांगितलेलं नाही.
शार्क थांबला की मरतो,
हे मला त्यांनीच शिकवलं होतं.