खोटं पाणी

खरा बोर्ड बोयाच्या पोटात आहे,
बोया वेस्टमान्नाच्या सामुद्रधुनीत,
आणि सामुद्रधुनीवर तीन दिवस असा वारा
की हानुसनं बोट काढायला साफ नकार दिला.
"तुझं यंत्र मुकं झालं, म्हणून मी बुडू?"

तेव्हा मी दुसरा बोर्ड मांडलाय.
तो कुठंच नाही.
ना तांब्याच्या रेघा, ना डाखाचा जळका वास,
ना तो हिरवा रंग, ज्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा राहतो.
लॅपटॉपमधला एक प्रोग्राम
बोर्ड असल्याचं सोंग वठवतो
आणि आतला कोड, बिचारा, फसतो.
त्याला कसं कळणार,
आपण लाटांवर आहोत
की मटण वाळवायच्या खोपटात, रान्वाच्या टेबलावर?

सुरू केला तो गोठवूनच.
पहिली सूचनाही पाळायची नाही,
कुणी येईतो थांबायचं, असं बजावून.
मग शेजारच्या खिडकीत डीबगर उठवला,
पोर्टचा आकडा दिला: एक, दोन, तीन, चार.
(पोरं सायकलच्या कुलपाला ठेवतात, तसला.)
दार उघडलं, पण आतून तक्रार आली:
पाकीट अपेक्षेपेक्षा लांब आहे.
तासभर डोकं खाजवल्यावर कळलं,
डीबगर मी भलत्याच प्रोसेसरचा घेतला होता;
एक बोलतोय, दुसरा हो हो म्हणतोय,
आणि ताळमेळ काही नाही.

बदलला. जुळलं.
आवाज नाही, दिवा नाही.
एक पत्ता फक्त, आणि लुकलुकणारा कर्सर.
नसलेल्या मनगटावर बोटं ठेवावीत
आणि नाडी लागावी.

सोळा रजिस्टरं, बहुतेकांत शून्य:
सामान यायच्या आधीचं घर.
एक पाऊल टाक म्हटलं, टाकतो.
थांब म्हटलं, थांबतो.
माझ्या बार्टालनं उभ्या आयुष्यात
एवढं ऐकलेलं नाही.

आता याला पाणी हवं.
खोट्या बोर्डाला खोटं पाणी,
मी आकडे ओतते:
पूर्वेकडे सेकंदाला दोन मीटर. चालतो.
तीन. चालतो.
वादळ ओतलं. खुशाल चालतो.
पाणी कुठं मुरतंय, तेच कळेना.

संध्याकाळी हानुस आला, स्वेटरला डिझेलचा वास,
खिशातून वही काढली.
खिडकीतून त्याला बोयाचा दिवा दिसतो;
विझला की वेळ टिपून ठेवायची सवय,
कुणी न सांगता.
"चारदा विझला, परत लागला. परवा लागलाच नाही.
पाचही वेळा पाणी उभं होतं."
उभं?
"भरती संपलेली, ओहोटी निघायची आहे.
पाणी विचारात पडतं ना, तेव्हा."

मी पूर्वेला शून्य ओतलं.
उत्तरेला शून्य.

आणि तो पडला.
दोनशे अकराव्या ओळीवर डीबगरनं त्याला झेलला,
अगदी पडता पडता,
अजून हात हवेत असताना.
वेगानं भागायचं होतं.
वेगच नव्हता.

ती ओळ माझीच.
चार वर्षांपूर्वी मी लाट धरली होती हिशेबात,
बर्फ, शेवाळ, सीलची धडकसुद्धा.
पाणी नुसतं थांबेल,
हे काही सुचलं नव्हतं.

एक अट घातली, दोन ओळींची.
परत शून्य ओतलं. चालतो.
"झालं दुरुस्त?"
इथं झालं, म्हटलं.
"इथं म्हणजे कुठं?"
मी स्क्रीनकडे बोट दाखवलं.
तो वाकून बराच वेळ बघत राहिला,
बोया कुठं दिसतो का ते.

मग कोष्टकाचं पान उलटलं, नखानं रेघ मारली.
"वारा पहाटे उतरेल. सहा चाळीसला पाणी उभं राहतंय.
बोयाला हात लावायचा तर तेव्हाच,
वीस मिनिटं मिळतील,
मग ते आपल्याला विचारणार नाही."

तो गेल्यावर दिवा मालवला.
डीबगर तोडला नाही.
बोर्ड तसाच उभा,
पुढच्या पावलावर बोट टेकून.