झगे

बाप्तिस्म्याचे झगे सोमवारी माझ्याकडे येतात,
ओल्या गोणीत,
अकरा, सगळे एकाच मापाचे,
बुटक्यांच्या पायांत येणारे, उंचांच्या पोटऱ्या उघड्या टाकणारे.
आमच्या मंडळीला हौद नाही.
घणसोलीतला गाळा, पिठाच्या गिरणीवरचा.
दिवाळ्याच्या मासळीवाल्याकडून निळा टब आणतो,
शनिवारी तीनदा घासतो,
तरी रविवारी नव्याने जन्मलेल्यांच्या केसांना
किंचित बोंबलाचा वास येतोच.
पाळक म्हणतात, चालायचंच, पेत्रालाही येत असेल.

पावसाळ्याआधी बेंजामिन खरात उतरला त्या टबात.
प्लॉटांचा दलाल.
साडेबारा टक्क्यांच्या फायलींवर
ज्याचं घर तीन मजले चढलं.
ओल्या झग्यानिशीच त्यानं माइक घेतला,
कुणीतरी ओरडलं, अरे शॉक लागेल!
म्हणाला, मी जक्कय आहे,
उंबरावरून खाली उतरलोय,
ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देईन.
आमेन इतकं मोठं झालं
की गिरणीवाला पट्टा थांबवून जिन्यात येऊन बघून गेला.
मीही म्हणाले आमेन.
पण मन तळवलीला गेलं होतं,
गोदूबाई म्हात्रेच्या ओट्यावर,
जिचा अंगठा याच माणसानं
चहा पाजून कागदावर घेतला होता.

मग मी मोजायला लागले.
एक रविवार. दुसरा. पाचवा.
खरातांच्या गाडीच्या काचेवर चंदेरी मासा चिकटला.
गोदूबाईच्या दारात काही आलं नाही.

रजिस्टरही माझ्याकडेच असतं.
नाव, वय, तारीख, दोन साक्षीदार.
बाकी कशाला रकाना नाही.
एकदा पानं मागे उलटत गेले
तर मीच सापडले:
वय एकोणीस, साक्षीदार आत्या आणि आत्याचे यजमान.
मीही तेव्हा माइकवर सांगितलं होतं,
पाण्याखाली उजेड दिसला.
उजेड कसला, नाकात पाणी गेलं होतं.
आत्यानं आठवडाभर पाठ करून घेतलेली साक्ष,
इथे थांब, इथे रडू आलं तर बरं.
आलं.
ते खरं होतं का, अजून मला सांगता येत नाही.

पुढे कळव्याच्या इस्पितळात सासू सतरा दिवस होती,
जिनं बाटगी म्हणून माझी ताटली वेगळी ठेवली.
तिचं भांडं काढता काढता एका रात्री
तिचा राग येईनासा झाला.
का येत नाही म्हणून
मी पहाटेपर्यंत त्याची वाटच बघत बसले.
तेव्हा झालं असेल का ते?
वॉर्डात साक्षीदार म्हणजे एक आया, झोपलेली.
आणि नंतर राग परत आलाच,
वर्षश्राद्धाला, नणंदेशी
पितळेच्या दोन पातेल्यांवरून भांडताना.

परवा तळवलीला सुकट आणायला गेले.
गल्लीच्या तोंडाशी बेंजामिन खरात,
मुलाच्या स्कूटरवर, हेल्मेट न काढता,
इंजिन चालू.
गोदूबाई लसूण सोलत होती,
तिला लांबचं दिसत नाही.
दहा मिनिटं तरी थांबला असेल.
एकदा हात खिशाकडे गेला, किंवा मला तसं वाटलं.
मग त्यानं स्कूटर वळवली.
मला ओळखलं की नाही, काचेतून कळलं नाही.
रविवारी पाळकांनी माइक पुढे केला
तर मान हलवली, नको.
मागच्या बाकावर दोघी कुजबुजल्या,
थंडावला बघा इतक्यात.

आज अकरा झगे गच्चीवर आहेत.
खाडीकडून वारा आला की एकेक भरतो,
बाह्या उचलतो, पोट फुगवतो,
आत कुणीतरी आहे असं अगदी वाटतं.
मी हात घालून बघत नाही.
कडेचा एक तारेवरून घसरतोय.
कुणी घातला होता, ते धुतल्यावर ओळखू येत नाही.
त्याला अजून एक चिमटा लावते.